तिथीला आलेली मिनीबस

ह्वे या जुन्या राजधानीच्या गावात माणूस दाराशी उभा राहून "या ना, दोन घास खाऊन जा," म्हणतो, तेव्हा त्याच्या घरात भात शिजलेला असतोच असं नाही. पोस्टमनला म्हणतात, मीटर बघायला आलेल्याला म्हणतात, भांडण काढायला आलेल्या शेजाऱ्यालाही म्हणतात. समोरच्यानं "नको नको, आत्ताच जेवून निघालोय," म्हणायचं. यजमानानं "असं कसं, असं कसं" करत आणखी आग्रह करायचा. मग दोघांनीही उपाशीपोटी, पण समाधानानं, आपापल्या वाटेला लागायचं. ह्वेमध्ये याला रीत म्हणतात. तोआन मास्तरांनी ही रीत जन्मभर पाळली, आणि ऐन आईच्या तिथीला तिनंच त्यांना दगा दिला.

तोआन मास्तर म्हणजे विन्ह तोआन, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. यातलं 'विन्ह' महत्त्वाचं. जुन्या राजघराण्याच्या वंशजांनाच ते लागतं. आता ह्वेमध्ये राजवंशज इतके झालेत, की केस कापणारा वंशज आणि कापून घेणाराही वंशज असा प्रकार रोज घडतो. पण मास्तर आपलं 'विन्ह' कुणाला विसरू देत नसत. सायकलचं पंक्चर काढून घेतानाही ते असे उभे राहत, की पंक्चरवाल्याला उगाचच अवघडल्यासारखं व्हायचं.

तर, आईची तिथी. इतकी वर्षं ती मास्तरांच्या थोरल्या बहिणीकडे, साम आक्कांकडे होत असे. खरं तर आईचा फोटो आणि देव्हारा मुलाच्या घरी, पण साम आक्कांचं म्हणणं असं, की लिऊच्या हाताला आमच्या घराण्याची चव नाही. लिऊ ही मास्तरांची बायको. तिचं माहेर नदीपलीकडचं, भाजीमळेवाल्यांचं. संसार करून केस पांढरे झाले तरी आक्कांच्या लेखी ती मळ्यातलीच राहिली. यंदा आक्कांचे गुडघे धरले म्हणून नाइलाजानं त्या म्हणाल्या, "कर बाई यंदा तू. जमलं तर जमलं. एक ताट जरी कमी पडलं, तर पुढच्या वर्षीपासून पुन्हा माझ्याकडे, आणि मग मला कुणी काही सांगायला यायचं नाही."

लिऊ आदल्या दिवशीपासून स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तिथीच्या सकाळी मास्तर तिथे जाऊन तिला मदत म्हणून सूचना करू लागले. केळीच्या पानातल्या पुड्या जरा लहान बांध. कोळंबीचा चुरा आणखी बारीक हवा. आई असती तर म्हणाली असती...

"अहो," लिऊ म्हणाली, "तुम्ही कुठेतरी जा बघू."

"कुठे जाऊ?"

"कुठेही. दुपारी धूप लावायच्या वेळेला या म्हणजे झालं."

मास्तरांचा चेहरा पडला. आणि नेमका तेव्हाच लिऊच्या भाचीचा, त्रामचा फोन आला. त्रामची छोटीशी पर्यटन कचेरी होती आणि तिचा गाईड पोट धरून बसला होता. "काका, तुम्हीच वाचवा! दक्षिणेकडची माणसं आहेत, बेन त्रेची, सगळी एका आळीतली. किल्ला दाखवा, राजाची एक समाधी दाखवा, खेड्यातला कौलारू पूल दाखवा. दुपारी त्यांचं जेवण नदीकाठच्या हॉटेलात सांगितलंय. तुम्ही तेवढ्यात घरी."

मास्तर नको नको म्हणाले, म्हणजे ह्वेच्या रीतीप्रमाणे हो म्हणाले.

मास्तर गाईड होणार ही बातमी शेजारच्या हाप यांना कुंपणावरून कळली. हाप हे असे गृहस्थ, की सल्ला दिल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. "मास्तर, गाईडच्या हातात झेंडा लागतो. त्याशिवाय माणसं हरवतात. आमच्या मेव्हण्याचा साडू असाच चीनमध्ये हरवला होता." असं म्हणून त्यांनी आपला मासे धरायचा गळ आणला, त्याच्या टोकाला प्लास्टिकचं सूर्यफूल बांधलं आणि तो मास्तरांच्या हातात दिला. राजघराण्याचा वंशज सूर्यफूल उंच धरून आपल्याच पूर्वजांच्या किल्ल्याकडे निघाला.

मिनीबस भरून मंडळी होती. त्यांची म्होरकी साऊमावशी, गोल, ठेंगणी, आवाज असा की नदीपलीकडच्या माणसाला वळून बघावं लागेल. तिच्याबरोबर तिचा धाकटा दीर ऊतकाका, माशांच्या सॉसचा व्यापारी, आणि बाकी आळीतल्या काकू-मामी. मास्तरांनी भाषण तयार ठेवलं होतं. पण दरवाजावरच अडचण आली. पहारेकऱ्यानं गाईडचं ओळखपत्र मागितलं, आणि मास्तरांकडे ते नव्हतं.

पहारेकऱ्यानं नीट बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "सर! ओळखलंत का? मी शेवटच्या बाकावरचा! तुम्ही मला नद्यांच्या उपनद्या येईनात म्हणून व्हरांड्यात उभं करायचात!"

"मग आता सोड."

"सर, ओळखपत्राशिवाय गाईडला सोडता येत नाही. नियम आहे." तो बिचारा दोन्ही बाजूंनी पेचात सापडला. शेवटी म्हणाला, "असं करा सर, तुम्ही पर्यटक म्हणून आत जा. फक्त माहिती सांगायची नाही. फारच वाटलं तर स्वतःशी पुटपुटा. स्वतःशी पुटपुटायला बंदी नाही."

त्यामुळे त्या सकाळी किल्ल्यात अजब दृश्य दिसलं. एक गंभीर गृहस्थ सूर्यफूल धरून पुढे चाललेत, तोंडातल्या तोंडात घराण्याचा इतिहास पुटपुटतायत, आणि मागे एक आख्खी आळी कान टवकारून त्यांच्या पाठीला चिकटलेली. जपानी पर्यटकांनी फोटो काढले. मास्तरांना वाटलं, दरबाराचे काढतायत.

पण खरा घाव पुढेच होता. सिंहासनाजवळ भाड्यानं राजाचे कपडे मिळतात. ऊतकाकांनी पिवळा अंगरखा चढवला, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट ठेवला आणि ते ऐटीत बसले. आळी हसत हसत वाकून मुजरे करू लागली. "अरे, पण पायात चपला आहेत! राजाला शोभतात का?" आळीतलं कुणीतरी ओरडलं. ऊतकाकांनी इकडे तिकडे पाहिलं आणि मास्तरांच्या हातात चपला दिल्या. "जरा धरा हो, मास्तर."

मास्तर हातात चपला घेऊन उभे राहिले. त्यांच्या खापरपणजोबांच्या वाड्यात, माशांच्या सॉसवाल्याच्या चपला! बरं, आपण कोण ते स्वतःच्या तोंडानं सांगणं ह्वेच्या माणसाला शोभत नाही. ते दुसऱ्यानं विचारायचं असतं. आणि इथे विचारत कुणीच नव्हतं. अखेर आपण कुणीतरी आहोत एवढं तरी कळावं म्हणून ते सहज बोलल्यासारखे बोलले, "मला आज वेळेत घरी पोचायला हवं. आमच्या आईची तिथी आहे. बरीच मंडळी येतात." आणि मग, तोंडाला लागलेली सवय! त्यांच्या तोंडून पुढचं वाक्यही निघून गेलं. "तुम्ही पण या ना, दोन घास खाऊन जा."

एवढं बोलून मास्तर "नको नको"ची वाट बघत थांबले.

"कधी?" साऊमावशीनं विचारलं.

मास्तरांना हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता. "म्हणजे... दुपारीच... पण तुमचं जेवण तर हॉटेलात..."

"हॉटेल गेलं खड्ड्यात!" साऊमावशीचा आवाज सिंहासनापर्यंत घुमला. "ए, ऐका रे! मास्तरांनी आईच्या तिथीला बोलावलंय! आमच्याकडे, मास्तर, तिथीचं बोलावणं टाळलं तर गेलेला माणूस रुसतो. आम्ही येणार म्हणजे येणार."

ऊतकाकांनी मुकुट काढून छातीशी धरला. "मास्तर, एवढ्या परक्या माणसांना आईच्या ताटाला बोलावलंत. तुमचं मन मोठं आहे." आणि त्यांनी चपला परत घेतल्या, दोन्ही हातांनी.

लिऊनं स्वयंपाक केला होता तो घरच्या माणसांपुरता, मोजूनमापून, आक्कांच्या नजरेच्या हिशोबानं. तिथे ही मिनीबस!

समाधीकडे जाताना वाटेत त्यांनी ते बोलावणं मागे घ्यायचा प्रयत्न केला. ह्वेच्या माणसाकडे यासाठी एकच हत्यार असतं, आणि ते म्हणजे नम्रता. "आमच्याकडे काही विशेष नसतं हो. साधंच."

"आम्हाला विशेष कुठे चालतं!" साऊमावशी म्हणाली. "साध्यालाच चव असते."

"घर फार लहान आहे. पंखासुद्धा गरम वारा टाकतो."

"मग अंगणात बसू. अंगण आहे ना?"

"आहे..." मास्तरांना खोटं बोलता येईना. "पण मुंग्या आहेत."

"मुंग्या कुठे नसतात!"

समाधीच्या तळ्याकाठच्या मंडपात वारा छान होता. मंडळी तिथे पाय पसरून आडवी झाली आणि काहीजण घोरूही लागले. राजानं तो मंडप कविता करायला बांधला होता. मास्तरांनी एका खांबाआड जाऊन फोन काढला. घरी करायची हिंमत झाली नाही. त्यांनी हापना केला.

"सोपं आहे," हाप म्हणाले. "बसचं चाक पंक्चर करा."

"आणि मग मी घरी कसा जाऊ?"

"हां, तेही खरंच. मग असं करा, त्यांना दुसऱ्या कुणाच्या तरी घरी न्या. आजचा दिवस चांगला आहे, कुणाच्या ना कुणाच्या घरी तिथी असणारच. फक्त आमच्याकडे नको. आमच्याकडे पाहुणे आहेत." हापकडे पाहुणे कधीच नसत. पण रीत बघा, त्यांनीही लगेच जोडून दिलं, "तुम्ही मात्र या हो मास्तर, दोन घास खाऊन जा." मास्तरांनी फोन ठेवला.

खेड्यातल्या कौलारू पुलापर्यंत दोन्हीकडे हिरवंगार भात होतं आणि पाण्यात बदकं पोहत होती. एरवी मास्तर इथे भाताच्या जातींवर बोलले असते. पण पुलाशेजारी बाजार भरला होता, आणि साऊमावशीची आळी त्यात शिरली. आधी मास्तरांना बरं वाटलं, रमले तर उशीर होईल, उशीर झाला तर विसरतील. मग त्यांना दिसलं, की साऊमावशी उदबत्त्यांचा जुडगा वासावरून पारखतेय. ऊतकाकांच्या दोन्ही हातांत पाय बांधलेली जिवंत बदकं होती. एका मामीच्या डोक्यावर केळफूल होतं.

"हे कशाला?" मास्तरांनी क्षीण आवाजात विचारलं.

"रिकाम्या हातानं तिथीला जायचं? बरं मास्तर, तुमच्या आईला काय आवडायचं?"

मास्तर थबकले. इतक्या वर्षांत आईच्या तिथीला काय शोभतं याची चर्चा पुष्कळ झाली होती, तिला काय आवडायचं हे कुणी विचारलं नव्हतं. "कमळबियांची खीर," ते म्हणाले. पण म्हणता म्हणता त्यांना वाटलं, ही तर आक्कांची आवड. आईची त्यांना खरंच माहीत नव्हती. त्यांना फार वाईट वाटलं. खीर बाजारात नव्हती. साऊमावशीनं स्वतःच्या तोंडात टाकायला म्हणून हिरव्या कैऱ्या घेतल्या.

घराशी बस थांबली तेव्हा आक्का ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या, शेजारी काठी, आणि आजूबाजूला सगळे नातलग. बसमधून आधी सूर्यफूल उतरलं, मग मास्तर, मग बदकं, मग एकामागून एक आळी. नातलगांची तोंडं उघडी राहिली. लिऊ स्वयंपाकघराच्या दारात आली. तिनं बसकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं.

"मी फक्त म्हणालो होतो..." मास्तर म्हणाले.

"काय ते कळलं मला," लिऊ म्हणाली.

आक्कांनी काठी टेकली. "तोआन, मोठी मंडळी बोलावलीस. छान केलंस. आता सगळ्यांना पुरेल ना रे?" हे बोलताना त्या इतकं गोड हसल्या, की लिऊचे डोळे भरले.

साऊमावशी तोवर आत पोचली होती. "वहिनी, चूल कुठेय? मोठं पातेलं आहे का? तुम्ही हात लावू नका, तुमचं झालंय. ए, बदकं इकडे आणा!" मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या गेल्या, आणि किल्ल्यातला राजाचा अंगरखा अजून अंगातच असलेले ऊतकाका बाह्या मागे सारून बदकं सोलू लागले.

"तिथीला बदक?" आक्का ओसरीवरून म्हणाल्या. "आमच्याकडे चालत नाही."

"ताटात नाही ठेवायचं, आजी, पोटात ठेवायचं!" ऊतकाकांनी ओरडून सांगितलं.

मास्तरांनी काळा लांब झगा घातला, पागोटं घातलं. लिऊनं देव्हाऱ्यापुढे ताटं मांडली. बशीतल्या तांदळाच्या इवल्या इवल्या चकत्या, केळीच्या पानातल्या बोटाएवढ्या पुड्या, सगळं असं नाजूक की श्वास सोडायची भीती वाटावी. आक्कांनी चष्मा लावून पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे चूक सापडली नव्हती. मास्तरांनी धूप लावला. मग नातलगांनी. मग बेन त्रेची आळी रांगेत आली, एकेकानं धूप लावला आणि न पाहिलेल्या म्हातारीपुढे मनापासून डोकं टेकलं. साऊमावशीनं जाता जाता पिशवीतल्या हिरव्या कैऱ्या बशीत काढून ठेवल्या.

"अहो बाई, काय हे? कैऱ्या?" आक्का म्हणाल्या. "आमची आई दरबारी वळणाची होती."

"आक्का," लिऊ म्हणाली. आक्कांपुढे ती पहिल्यांदाच मधे बोलत होती. "आईंना कैऱ्याच आवडायच्या. तुम्ही सगळे झोपलात की आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसून मीठ-मिरची लावून खायचो. त्या म्हणायच्या, सामला सांगू नकोस."

मास्तर फोटोकडे बघत राहिले. इतकी वर्षं भूगोल शिकवला आणि स्वतःच्या घराची मागची पायरी आपल्याला माहीत नव्हती! आक्कांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. कैऱ्या तिथेच राहिल्या.

धूप जळून गेल्यावर ताटं खाली आली. लिऊचे पदार्थ पाहुण्यांना आधी दिले, आणि बेन त्रेच्या मंडळींनी एकेक चकती तोंडात टाकून "वा! वा!" केलं आणि पुढचं कधी येतंय म्हणून पाहिलं. पुढचं काही नव्हतंच, जेवण तेच होतं. नातलगांपर्यंत जेमतेम अर्धं पोचलं. पण ते ह्वेचे. "आमचं झालं, आमचं झालं, पोट अगदी भरलं," असं सगळे एका सुरात म्हणाले, आणि त्यांची पोटं दुसऱ्या सुरात बोलत होती.

तेवढ्यात मागून पातेलं आलं. बदकाची दाट पेज, वर आलं, बाजूला केळफुलाची कोशिंबीर. साऊमावशीनं विचारलं नाही, वाढलं. "नको नको" म्हणायला तोंड उघडावं तर त्यात चमचा यायचा. नातलगांनी खाल्लं, मागून घेतलं, पुन्हा मागितलं. एका लांबच्या चुलत्यानं वाडगा चाटला. आक्कांनी "एवढीशीच, चाखायला" म्हणून घेतली, आणि मग तीच एवढीशी पुन्हा पुन्हा घेतली.

जेवणं झाल्यावर आक्कांनी तोंड पुसलं आणि काठी सरळ केली. लिऊनं हातातला वाडगा खाली ठेवला. ही वेळ येणार हे तिला ठाऊक होतं.

"झालं, बरं झालं," आक्का म्हणाल्या. "पण लिऊ, खरं सांगू का, तुझं ताट कमी पडलं. वेळ या मंडळींनी निभावली. तेव्हा ठरल्याप्रमाणे पुढच्या वर्षी आईची तिथी माझ्याकडे."

मास्तरांना बोलायचं होतं, पण थोरल्या बहिणीपुढे शब्द फुटेना. बोलली ती साऊमावशी.

"तुमच्याकडे? घर मोठं आहे का हो, आक्का?"

"आहे की," आक्का अभिमानानं म्हणाल्या. "या घरासारखी चारदोन मावतील."

"मग बेस!" साऊमावशीनं मांडीवर थाप मारली. "पुढच्या वर्षी आम्ही तुमच्याकडे! ऊत, तुझ्या सासुरवाडीचे पण आणू, त्यांनी ह्वे पाहिलेलं नाही. बस मोठी करावी लागेल. बोलावताय ना, आक्का?"

आता आक्का ह्वेच्या. समोर सगळे नातलग. नाही कसं म्हणणार? घशातून आपोआप आलं. "या ना... अवश्य या..."

"कधी? तिथीच्या दिवशीच, की आदल्या दिवशी मुक्कामाला?"

आक्कांनी बेन त्रेच्या आळीकडे पाहिलं. रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं. अंगणभर उडालेल्या पिसांकडे पाहिलं. मग त्यांनी देव्हाऱ्याकडे तोंड केलं आणि एकदम गंभीर झाल्या.

"मी काय म्हणते," त्या म्हणाल्या, "आईचा फोटो इथे, धूप इथे. उगाच हलवू नये. तिला त्रास होतो. तिथी इथेच होऊ दे. कायमची." आणि लिऊकडे न बघता त्यांनी जोडून टाकलं, "कैऱ्या चांगल्या करकरीत घे म्हणजे झालं."

लिऊनं पदार्थांच्या रिकाम्या बशा उचलल्या आणि ती आत गेली. मास्तर मागोमाग गेले. ती चुलीपाशी उभी राहून रडत होती आणि हसतही होती. "मला वाटलं, आज तुम्ही माझा घात केलात," ती म्हणाली. मास्तर म्हणाले, "मलाही तसंच वाटलं होतं." मग त्यांनी बशा विसळायला घेतल्या, आणि लिऊनं त्यांना पहिल्यांदाच स्वयंपाकघरातून हाकललं नाही.

निघायची वेळ झाली. ऊतकाकांना राजाचा अंगरखा परत करायचाय हे तेव्हा आठवलं. त्यावर बदकाचे डाग होते. मास्तरांनी दाराशी उभं राहून सगळ्यांना निरोप दिला, आणि मोठ्या कष्टानं "पुन्हा या" हे शब्द गिळले.

साऊमावशीनं बसच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "मास्तर, वहिनी, आता तुम्ही आमच्याकडे यायचं! नारळाच्या बागा आहेत, होडी आहे, खोली रिकामी पडलीय. महिनाभर राहा!"

मास्तरांना हायसं वाटलं. अखेर ओळखीच्या जमिनीवर पाय लागले. ते मान तुकवून, हात जोडून, आयुष्यभराच्या सफाईनं म्हणाले, "येऊ की! अवश्य येऊ! येऊ कधीतरी!"

त्यांच्या मागे दारात लिऊ उभी होती. तिनं ओले हात पुसले, एक पाऊल पुढे आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या आवाजात विचारलं, "कधी?"